‘त्वचारोग असणाऱ्यांना प्रवेश नाही’ हा बोर्ड बदला

पोस्ट मोठी आहे. वेळ काढून वाचा, कारण विषय फक्त माझा नाही.

गेल्या महिन्यात मला आमच्या शहरातल्या एका सार्वजनिक तलावातून बाहेर काढलं. तलाव म्हणजे स्विमिंग पूल, पालिकेचा, आपल्या सगळ्यांच्या टॅक्समधून बांधलेला. लेडीज बॅचचा तीन महिन्यांचा पास काढला होता आणि तो माझा चौथा दिवस होता. पाण्यात उतरून पाच मिनिटं झाली असतील, तेवढ्यात काठावरून हाक आली, “मॅडम, तुम्ही जरा वर येता का?”

वर आले. तिथल्या ताई माझ्या कोपरांकडे बघत होत्या. म्हणाल्या, “ते हातावर काय आहे?” मी म्हटलं, “सोरायसिस. पसरत नाही तो.” त्या म्हणाल्या, “मला माहीत नाही हो, पण एका बाईंनी तक्रार केलीय. लहान मुलं असतात इथे.” आणि मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. निळ्या बोर्डावर पांढऱ्या अक्षरात बारा नियम. सातवा : त्वचारोग असणाऱ्यांना प्रवेश नाही.

मी भांडले नाही. ओल्या अंगावर टॉवेल गुंडाळून पंधरा-वीस बायकांच्या समोरून चेंजिंग रूमकडे गेले. कोणी काही बोललं नाही. एक आजी सरकून बसल्या, बस्स. पण ते सरकणं मला चौदा वर्षं ओळखीचं आहे.

दुसऱ्या दिवशी माझ्या त्वचारोगतज्ज्ञांचं पत्र घेऊन गेले. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की हा आजार संसर्गजन्य नाही आणि पेशंटने पोहायला हरकत नाही, उलट पोहावं. ऑफिसातल्या साहेबांनी पत्र वाचलं, परत दिलं आणि म्हणाले, “डॉक्टर बरोबर असतील मॅडम, पण बोर्डावर लिहिलंय ना.”

हे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते. डॉक्टर बरोबर, पण बोर्ड त्याहून बरोबर!

आता मुद्द्यावर येते.

सोरायसिस म्हणजे काय, हे आधी दोन ओळीत सांगते, कारण निम्मं भांडण अज्ञानाचंच आहे. आपल्या कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात बदलतो. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती चुकीचा इशारा देते आणि हेच काम तीन ते पाच दिवसांत उरकायला लागते. जुनी कातडी झडायच्या आत नवी तयार, त्यामुळे लाल चट्टे आणि वर चंदेरी पापुद्रे. यात जंतू नाही, बुरशी नाही, किडा नाही. हात मिळवून, एका ताटात जेवून, एका बिछान्यात झोपून, एका पाण्यात पोहून तो कुणालाही होत नाही. माझ्या नवऱ्याला चौदा वर्षांत झालेला नाही. यापेक्षा मोठा प्रयोग अजून काय करायचा?

हे माझं मत नाही. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने खास ठराव करून सोरायसिस हा दीर्घकालीन, असंसर्गजन्य, वेदनादायक आजार असल्याचं मान्य केलं आणि सगळ्या सदस्य देशांना सांगितलं की याबद्दलचा गैरसमज आणि भेदभाव दूर करा. भारत सदस्य देश आहे. म्हणजे जिनिव्हात आपण मान डोलावायची आणि इथे बोर्ड रंगवायचा.

बरं, आम्ही आहोत तरी किती? भारतातले वेगवेगळे अंदाज अर्ध्या टक्क्याच्या आसपास सुरू होतात आणि पावणेतीन टक्क्यांपर्यंत जातात. सगळ्यात कमी आकडा धरला तरी पाच लाख वस्तीच्या शहरात दोन हजारांवर माणसं होतात. तुम्हाला दिसत नाहीत? बरोबर आहे, आम्ही फुल बाह्यांत असतो. मे महिन्यात फुल बाह्यांचा कुर्ता घालून घाम पुसणारी बाई दिसली की तुम्ही म्हणता, उन्हाला जपते. ती उन्हाला नाही, तुमच्या नजरेला जपते. ऊन तर आमच्यातल्या बहुतेकांना मानवतं. डॉक्टर दवाखान्यात मशीनमध्ये उभं करून ठरावीक अतिनील किरण अंगावर घ्यायला लावतात, तो उपचारच आहे.

आता व्यायामाचं.

सोरायसिस फक्त कातडीवर थांबत नाही. आतून जी सूज असते ती सांध्यांत उतरू शकते. या रुग्णांपैकी तीस टक्क्यांपर्यंत लोकांना पुढे सांध्यांचा त्रास होतो, बहुतेकांना चट्टे आल्यानंतर काही वर्षांनी. मला दोन वर्षांपासून आहे. सकाळी उठल्यावर टाच जमिनीला टेकवत नाही, एक बोट सुजून गाजरासारखं होतं, आणि हातपाय मोकळे व्हायला तासभर जातो. शिवाय या आजारासोबत लठ्ठपणा, मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. वजन कमी झालं तर चट्टेही कमी होतात आणि औषधंही जास्त लागू पडतात. म्हणजे व्यायाम ही आमच्यासाठी हौस नाही, प्रिस्क्रिप्शनचा भाग आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तो मी कुठे करू, एवढंच विचारतेय.

चालायला जा म्हणाल. जाते. टाच साथ देते तोपर्यंत. ज्यांच्या तळपायांना सोरायसिस असतो त्यांना विचारा, भेगांमधून रक्त येत असताना बूट घालून चालणं काय असतं.

जिममध्ये जा म्हणाल. गेले होते. घाम आला की चट्टे चरचरतात, घट्ट कपडा घासला की नवे उठतात. ही कल्पना नाही, कातडी जिथे खरचटते किंवा घासली जाते तिथे नवा चट्टा उमटणं हे या आजाराचं जुनं, सगळ्या डॉक्टरांना ठाऊक असलेलं लक्षण आहे. सॅकचा पट्टा घासतो म्हणून ट्रेक सुटला. पण जिम मी त्यासाठी सोडली नाही. मी बेंचवरून उठले की पुढचा माणूस तो बेंच सॅनिटायझरने दोनदा पुसायचा, आणि माझ्याआधीच्या घामाने निथळलेल्या मुलाच्या वेळी एकदाही नाही. दीड महिन्यात सोडली.

योगवर्गात सतरंजीवर पांढरे पापुद्रे पडतात. मी स्वतःची सतरंजी नेते, स्वतःच झटकते, बाहेर जाऊन. तरी शेजारची जागा रिकामी राहायची. वर्ग भरलेला असतानाही.

राहिलं पोहणं. पाण्यात सांध्यांवर भार येत नाही, कातडीला घासणारं काही नसतं, घाम चरचरत नाही. माझ्या डॉक्टरांनी सगळ्यात वर पोहणं लिहिलं ते यासाठी. क्लोरीनने कातडी कोरडी पडते हे खरं, म्हणून उतरण्याआधी आणि नंतर अंघोळ करायची आणि मग भरपूर मलम किंवा खोबरेल चोळायचं. एवढंच पथ्य. आणि नेमक्या तिथेच बोर्ड.

जगात उलटं चालतं, तेही सांगते. मृत समुद्राच्या काठी, समुद्रसपाटीपासून चारशे मीटरहून खाली, सोरायसिसचे रुग्ण मुद्दाम जाऊन राहतात. खारट पाण्यात डुंबणं आणि उन्हात पडणं हाच तिथला उपचार. आइसलंडमधलं ब्लू लगून तुम्ही फोटोत पाहिलं असेल, आपले लोक तिथे जाऊन सेल्फी काढतात. ते मुळात भूगर्भातल्या उष्णतेवर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या बाहेर सोडलेल्या पाण्याचं तळं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सोरायसिसचा एक रुग्ण त्यात उतरला, त्याला बरं वाटलं, मग बाकीचे उतरले, आणि जागा नावारूपाला आली. तिथे आमच्यासारख्यांनी तलाव प्रसिद्ध केला. इथे आम्ही उतरलो तर तलाव बाटतो.

आता त्या तक्रार करणाऱ्या बाईंबद्दल. मला त्यांचा राग नाही. त्यांना त्यांच्या लेकराची काळजी वाटली, वाटणारच. खरं सांगायचं तर मीसुद्धा हेच केलंय. कॉलेजात असताना एसटीत माझ्या शेजारी अंगभर कोड असलेले एक काका बसले. मी पुढच्या स्टॉपला ‘उतरायचंय’ असं दाखवून उठले आणि मागे जाऊन उभी राहिले. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांना कळलं होतं. कोड म्हणजे रंगाच्या पेशी जाणं, त्यात पसरण्यासारखं काही नसतं, हे तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या कोपरावर पहिला चट्टा आला तेव्हा सगळ्यात आधी ते काका आठवले. म्हणून म्हणते, घाबरणाऱ्या माणसाला दोष देऊ नका. पण ज्या संस्थेचं काम त्या माणसाला माहिती देणं आहे, तीच बोर्ड लावून भीतीला शिक्का मारते तेव्हा दोष द्यायलाच हवा.

कारण बघा ना, बोर्डावर काय लिहिलंय? ‘त्वचारोग’. सोरायसिस त्वचारोग, कोड त्वचारोग, इसब त्वचारोग. मग मुरुम? घामोळं? डोक्यातला कोंडा? तेही त्वचेचेच विकार आहेत. नियम खरोखर पाळायचा तर निम्मं शहर तलावाबाहेर उभं करावं लागेल. तो पाळला जात नाही. तो फक्त ज्यांचं दिसतं त्यांना लागू होतो. म्हणजे नियम रोगाला नाही, दिसण्याला आहे.

आणि जे खरंच पसरतं त्याचं काय? नायटा, गजकर्ण. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे नायट्याने किती उच्छाद मांडलाय ते कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाला विचारा. कुणालाही न विचारता मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणायची, आठ दिवस खाज थांबली की बंद करायची, मग दुप्पट पसरायचं. २०१८ मध्ये सरकारला अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं बजावावं लागलं, तरी मिळतात. हा नायटा बहुतेक वेळा जांघेत आणि कमरेला असतो. पोहण्याच्या कपड्याखाली झाकलेला. तो पसरतो टॉवेल, कपडे, ओली बाकडी यांच्यातून. तो आरामात आत जातो, त्याला सातवा नियम दिसतच नाही. मी मात्र बाहेर, कारण माझं कोपरावर आहे.

अजून एक. पाण्यातून खरंच पसरणारी मोठी गोष्ट म्हणजे जुलाब. पोट बिघडलेल्या माणसाने पोहायला उतरूच नये, कारण त्यातले काही जंतू क्लोरीनलाही दाद देत नाहीत. आमच्या तलावाच्या बारा नियमांत जुलाबाचा शब्द नाही! पाण्यात क्लोरीन किती आहे, पीएच किती आहे, हे रोज मोजून फळ्यावर लिहायचं असतं. मुक्त क्लोरीन लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम, पीएच साधारण ७.२ ते ७.८, एवढं साधं गणित. त्या चार दिवसांत मला असा फळा कुठे दिसला नाही. तुमच्या शहरातल्या तलावावर दिसतो का, जाऊन बघा. क्लोरीन मोजायला रोज माणूस लागतो, बोर्ड एकदा रंगवला की झालं. सुरक्षिततेचं नाटक स्वस्तात होतं, सुरक्षितता होत नाही.

काही जण आता म्हणतील, “अहो, जगात एवढे प्रश्न आहेत, पाणी नाही, रस्ते नाहीत, आणि तुम्हाला पोहायचं पडलंय!” हे मला घरातसुद्धा ऐकवलं गेलंय. एक नणंद म्हणाली, “नाही पोहलीस तर काय बिघडणार आहे?” यावर माझं उत्तर आहे. पालिकेने तलाव बांधला तेव्हा कुणी हा प्रश्न विचारला नाही. उद्घाटनाला नागरिकांच्या आरोग्याबद्दल भाषणं झाली. बागा, क्रीडांगणं, तलाव हे चैन नाही, आरोग्याची गरज आहे, असं म्हणूनच त्यावर पैसे खर्च होतात. सगळ्यांसाठी ती गरज आणि आमच्यासाठी तीच चैन, हे कसं?

आणि गंमत करणं, मोकळं होणं हेही माणसाला लागतं हो. रंगपंचमीला मी दार लावून बसते, कारण कुठला रंग चट्ट्यांवर काय करेल सांगता येत नाही. पावसाळ्यात सगळे धबधब्याखाली जातात, मी वर बॅगा सांभाळते. तारकर्लीला गेलो तेव्हा दोन दिवस समुद्र बघितला, पाय भिजवले, बाकी पूर्ण कपड्यांत. भाचीच्या हळदीला “तू नको लावूस, राहू दे,” असं प्रेमानेच सांगितलं गेलं. प्रत्येक वेळी कारण छोटं असतं. सगळं बेरजेला धरलं की लक्षात येतं, चौदा वर्षं आपण काठावरच बसलोय. या आजाराच्या रुग्णांत नैराश्य जास्त आढळतं हे डॉक्टर सांगतात, आणि ताणाने चट्टे वाढतात हेही सांगतात. म्हणजे तुम्ही बाहेर काढणार, त्याने ताण येणार, त्याने चट्टे वाढणार, आणि ते वाढले म्हणून तुम्ही बाहेर काढणार.

कायद्याचं थोडं बोलते. संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांची नावं घेऊन सांगितलंय की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथे कुणाला अडवता येणार नाही. त्या यादीत आजार हा शब्द नाही, मला माहीत आहे. आणि या महाराष्ट्रात १९२७ साली महाडच्या तळ्यावर जे झालं, त्या अन्यायाशी माझ्या चार दिवसांच्या पासची बरोबरी मी करत नाही. ती करणं चूक ठरेल. पण पाण्याच्या काठावर माणसाला बाहेर काढणं म्हणजे काय, हे ज्या मातीने इतकं जवळून पाहिलंय, तिथल्या पालिकेने बोर्ड रंगवण्याआधी दोनदा विचार करायला हवा. कलम १४ प्रमाणे सरकारी संस्थेचा नियम मनमानी असता कामा नये. डॉक्टरचं पत्र हातात असताना “बोर्डावर लिहिलंय” म्हणणं ही मनमानी नाही तर काय?

बदल होत नाहीत असंही नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो हे कळून कित्येक वर्षं उलटल्यावर, २०१९ मध्ये, संसदेने ते काढलं. आनंदवन ज्या राज्यात उभं राहिलं त्या राज्याला कातडीच्या भीतीबद्दल नव्याने काही शिकवायची गरज नसावी. कोड या विषयावर ‘नितळ’सारखा सिनेमा मराठीत २००६ मध्येच येऊन गेला. संसदेला कायदा बदलता येतो, तर पालिकेला बोर्डावरचा एक शब्द बदलता येऊ नये?

माझ्या मागण्या चार आहेत. अर्जातही याच लिहिल्यात.

एक, ‘त्वचारोग’ हा शब्द काढून ‘संसर्गजन्य त्वचारोग, उघड्या जखमा किंवा जुलाब असल्यास पाण्यात उतरू नये’ असं लिहा. खाली स्पष्ट करा की सोरायसिस, कोड आणि इसब संसर्गजन्य नाहीत.

दोन, दाखला मागायचा तर सगळ्यांकडून मागा, नाहीतर कुणाकडूनच नको. आणि एकदा डॉक्टरचं पत्र दिलं की काठावरच्या कर्मचाऱ्याने पुन्हा सगळ्यांसमोर विचारायचं नाही.

तीन, उतरण्याआधी शॉवर सक्तीचा करा, सगळ्यांना. माझे पापुद्रेही त्यात निघून जातील, आणि तुमचं तेल, घाम, पावडरही. अट एवढीच की शॉवर चालू स्थितीत ठेवा.

चार, क्लोरीन आणि पीएच रोज फळ्यावर लिहा.

यातल्या एकाही गोष्टीला नवं टेंडर लागत नाही.

अर्ज देऊन सव्वीस दिवस झाले. उत्तर नाही. पासचे पैसे परत मिळत नाहीत असं तोंडी सांगितलंय, आणि पास अजून चालू आहे. त्या काठावरच्या ताई परवा भाजी मंडईत भेटल्या. ओळखलं त्यांनी. म्हणाल्या, “मॅडम, माझ्या पुतणीलापण असंच आहे डोक्यात. तिला सांगू का पोहायला ये म्हणून?” मी म्हटलं, “सांगा. पण आधी बोर्ड उतरू दे.”

सोमवारी मी अर्जाची प्रत, डॉक्टरांचं पत्र आणि पोहण्याची बॅग घेऊन पुन्हा जाणार आहे, अकराच्या बॅचला. अडवलं तर नकार लेखी मागणार आहे. तुमच्या घरात कुणी फुल बाह्यांत असेल तर त्यांना हे वाचून दाखवा. आणि तुमच्या शहरातल्या तलावावर, जिममध्ये, क्लबमध्ये असा बोर्ड असेल तर त्याचा फोटो काढा आणि तिथल्या अधिकाऱ्याला एकच प्रश्न विचारा : कुठला त्वचारोग?

उत्तर काय येतं ते मलाही कळवा.